तोंडाने फुंकायचं नाही

मिनिटकाकांना त्यांचं खरं नाव विचारलं तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागायचं, इतकं हे टोपणनाव त्यांना चिकटलं होतं. दुकानात कुणीही घड्याळ घेऊन आलं की डोळ्याचं भिंग न काढता ते म्हणायचे, "एक मिनिट बसा." ते मिनिट कधी अर्ध्या तासाचं निघायचं, कधी आठवड्याचं. जगाची घड्याळं सुधारणाऱ्या या गृहस्थाला मिनिट म्हणजे किती हेच ठाऊक नाही, अशी चेष्टा गल्लीत चालायची आणि काका ती हसून सोसायचे. कारण एकदा त्यांच्या हातून गेलेलं घड्याळ घेऊन कुणाला चार-पाच वर्षं तरी पुन्हा पायरी चढावी लागत नसे.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक काचेची पेटी, एक टेबल, हवा तसा वाकणारा दिवा, आणि तिन्ही भिंतींवर दुरुस्त होऊन मालकांची वाट बघणारी घड्याळं. बाहेरून फक्त काकांचं टक्कल आणि भिंगाची काळी नळी दिसायची. हे काम त्यांना मामाने शिकवलं होतं. मामा भारी कडक. पहिले सहा महिने त्याने भाच्याला एकही घड्याळ उघडू दिलं नाही, नुसता चिमटा धरायला लावला. आणि एक नियम डोक्यात पक्का ठोकून बसवला, की उघड्या घड्याळात तोंडाने फुंकायचं नाही. धूळ दिसली तर रबरी फुगा दाबायचा. तोंडच्या वाऱ्यात ओल असते, ती चाकांवर बसते, आज काही दिसत नाही, महिन्याभराने गंज धरतो. "फुंकलंस की गेलं," मामा म्हणायचा.

छत्तीस वर्षांत काकांनी कुणाच्याही घड्याळात एकदासुद्धा फुंकलं नव्हतं. त्यांची आणखी एक सवय होती. दुरुस्ती झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने बारीक आकड्यांत तारीख कोरायची. या दोन्ही गोष्टी ध्यानात असू द्या, कारण पुढे जे झालं ते यांच्यातूनच झालं.

काकूंना साखरेचा जुना आजार. तो मूत्रपिंडांवर गेला आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल. त्यासाठी डाव्या हाताच्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडायचं छोटं ऑपरेशन केलं. पण ती जोडलेली शीर फुगून सुईजोगी व्हायला दोन-तीन महिने लागतात, तोवर रक्त काढायचं कुठून? म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत एक मऊ नळी बसवली. ती उजव्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली बाहेर आलेली. बाहेर दोन तोंडं, एकावर लाल चिमटी, एकावर निळी. आतलं टोक थेट हृदयापाशी.

त्या "हृदयापाशी"ने काकांच्या तोंडची चव गेली.

डायलिसिसच्या खोलीतली सिस्टर बुटकी होती आणि तिचा आवाज तिच्या दुप्पट होता. पहिल्याच दिवशी तिने नवरा-बायकोला समोर बसवून घेतलं.

"काका, ही नळी म्हणजे बाहेरून आत जायला उघडी वाट आहे. झाकणं उघडणार ती फक्त आम्ही. पट्टी बदलणार तीही आम्हीच, आठवड्यातून एकदा, आणि मी तिच्यावर तारीख घालणार. पाणी लागू द्यायचं नाही. पट्टी भिजली, सुटली, भोवती लाल दिसलं, ताप आला, हुडहुडी भरली, की मला फोन. रविवार आहे, सिस्टर झोपली असेल, असले विचार करायचे नाहीत. कळलं?"

"आणि हा मास्क मला कशाला?" काकूंनी विचारलं. "मला कुठे सर्दी झालीय?"

"सर्दी नसली तरी नाकातोंडात जंतू असतातच, काकू. तिथे ते निवांत राहतात, कुणाला त्रास देत नाहीत. पण त्या नळीवाटे रक्तात शिरले की हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतात, मणक्यात जातात. म्हणून नळी उघडी असली की मास्क, तोंड पलीकडे, आणि गप्पा बंद."

"म्हणजे तोंडाने फुंकायचं नाही," काका म्हणाले.

सिस्टर मनापासून हसली. "अगदी बरोबर! सगळे पेशंट तुमच्यासारखे मिळाले तर माझे केस काळे राहतील."

त्या दिवसापासून काका भ्यायला लागले. आधी ते भीत नव्हते असं नाही, पण आता भीतीला रोजचं काम मिळालं. दिवसातून तीनदा थर्मामीटर लावायचा आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. काकूंच्या जवळ जायच्या आधी साबणाने हात धुवायचे, इतके की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. सकाळी काकूंच्या डाव्या मनगटाला कान लावून त्या जोडलेल्या शिरेची घरघर ऐकायची, कारण ती थांबली तर हात फुकट गेला आणि नळी आणखी राहिली. घड्याळ कानाला लावून चालतंय का बघायची त्यांना सवयच होती. काकू त्यांची थट्टा करायच्या. "अहो, मला काय आता काचेच्या पेटीत ठेवता? वर कागद चिकटवा, हात लावू नये म्हणून." काका हसायचे आणि परत एकदा हात धुवून यायचे.

पाच आठवडे असे गेले. सहाव्या रविवारी घात झाला.

काका दूध आणायला गेले होते. वाटेत एक गिऱ्हाईक भेटलं, बोलण्यात वेळ गेला. घरी आले तर काकू पाटावर बसलेल्या, खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"पाच आठवडे डोकं नुसतं पुसतेय हो. किती खाज सुटावी! म्हटलं वाकून धुते, पाणी पुढे जाईल." 

पाणी पुढे गेलं नव्हतं. मानेवरून उतरून पारदर्शक पट्टीच्या वरच्या कडेखाली शिरलं होतं. कड सुटून आली होती आणि आत पाण्याचे बारीक थेंब दिसत होते. काका फोनकडे वळले.

"नका ना करू फोन," काकू म्हणाल्या. "बिचारीला एकच सुट्टी. आणि माझ्यावर किती ओरडेल! तुमचे हात काय कमी आहेत? केसाएवढी स्प्रिंग बसवता, एक पट्टी नाही बसवता येणार?"

भीतीला काका बधले नसते, कौतुकाला बधले. मेडिकलमधून त्यांनी तसलीच पारदर्शक पट्टी आणली, स्पिरिट आणलं, कापूस आणला. चिमटा दहा मिनिटं उकळला. हात कोपरापर्यंत धुतले. दोघांनी मास्क लावले. दुकानातून आणलेला दिवा वाकवून घेतला, भिंग डोळ्याला लावलं. सगळं मामाच्या शिस्तीने चाललं होतं, आणि म्हणूनच त्यांना वाटत राहिलं की आपण बरोबर करतोय. छत्तीस वर्षांच्या शिस्तीने माणूस चुकीचं कामही किती नीटनेटकं करू शकतो, ते बघायला तिथे तिसरं कुणी नव्हतं.

जुनी पट्टी निघाली. नळी जिथे कातडीत शिरते ते एवढंसं भोक पहिल्यांदा त्यांना इतक्या जवळून दिसलं. त्यांनी कापसाने स्पिरिट लावलं.

"आई गं!" काकू कळवळल्या. "चुरचुरतंय हो." त्यांनी डोळे गच्च मिटले आणि पापणीखालून पाणी आलं.

ऑपरेशनला काकू रडल्या नव्हत्या, इतक्या सुया टोचल्या तेव्हा रडल्या नव्हत्या. एकतीस वर्षांच्या संसारात काकांनी त्यांना दोनदाच रडताना पाहिलं होतं. काकांनी दोन बोटांनी आपला मास्क खाली ओढला, वाकले, आणि त्या जागेवर फुंकर घातली. लांब, हलकी, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी.

"बरं वाटलं," काकू पुटपुटल्या.

मास्क परत वर चढवला तेव्हा काकांना कळलं आपण काय केलं. चिमटा हातातच राहिला. त्यांनी पुन्हा स्पिरिट लावलं, पुन्हा पुसलं, तिसऱ्यांदा पुसलं. काकूंनी डोळे उघडले नव्हते, त्यांना काही कळलं नसावं. काकांनी पट्टी बसवली. ती इतकी सुबक बसली की कुठे सुरकुती नाही.

"तारीख राहिली की," काकूंनी आरशात बघून सांगितलं. "सिस्टर उद्या पहिलं तेच बघेल. शुक्रवारचीच घाला ना, म्हणजे प्रश्नच नको."

काकांनी बारीक टोकाचं पेन घेतलं आणि शुक्रवारची सतरा तारीख घातली. सिस्टर साताच्या पोटातून एक आडवी रेघ मारायची, तीसुद्धा त्यांनी मारली. काकू आरशात बघत म्हणाल्या, "तिला स्वतःलाही ओळखू यायचं नाही." 

संध्याकाळपर्यंत काकांनी सहा वेळा थर्मामीटर लावला. ताप नव्हता. तीनदा फोन हातात घेतला. पण सांगायचं काय? मी फुंकलं, असं? ज्या माणसाला तिने सगळ्यांच्या देखत शाबासकी दिली, त्याने? आता त्यांना दोन गोष्टींची भीती होती, एक रक्तात काय शिरलं याची आणि दुसरी सिस्टरच्या चेहऱ्याची. लाजेची गोष्ट अशी की त्या संध्याकाळी दुसरी भीती मोठी ठरली. त्यांनी फोन ठेवून दिला.

सोमवारी सकाळी सिस्टरने काकूंचा ताप बघितला, नव्हता. पट्टीवर नजर टाकली. "कडेला जराशी लाली वाटतेय. दुखतं का?"

"नाही गं," काकू म्हणाल्या.

सिस्टरने तारीख वाचली, मान हलवली, मास्क लावला, नळीची झाकणं पुसून पुसून उघडली, जोडणी केली. यंत्र सुरू झालं. काका काचेच्या भिंतीपलीकडे बाकावर जाऊन बसले. त्यांना वाटलं, सुटलो. मनगटावरच्या घड्याळात त्यांनी वेळ बघितली, नऊ वाजून दहा.

नऊ चाळीसला काकूंच्या अंगावरचं पांघरूण हलताना दिसलं.

आधी वाटलं त्या पाय हलवताहेत. मग सगळं पांघरूणच थरथरायला लागलं, पलंगाची कडी खडखड वाजायला लागली. काका उठून आत धावले. काकूंचे दात एकमेकांवर आपटत होते, ओठ निळसर झाले होते.

"थंडी वाजतेय," काकू कशाबशा म्हणाल्या. "तो ए.सी. जरा कमी करा."

सिस्टर तोवर पोहोचली होती. तिने काकूंच्या हनुवटीला हात लावला. "नुसती थंडी नाही ही. हुडहुडी आहे. काकू, मला खरं सांगा, पट्टी भिजली होती? घरी कुणी उघडली होती?"

"नाही गं पोरी. कोण उघडणार?" काकूंनी काकांकडे बघितलंसुद्धा नाही.

"पट्टी तर माझीच आहे, शुक्रवारची," सिस्टर स्वतःशी म्हणाली आणि शेजारच्या टेक्निशियनला हाक मारली. "जराशी लाली सोडली तर जागा ठीकच आहे. लघवीचा त्रास, खोकला, काय आहे ते बघू आधी. डॉक्टरांना कळवून ठेवा, राउंडला येतील तेव्हा बघतील."

काकांनी ते ऐकलं. त्यांच्या हाताची ती आडवी रेघ सिस्टरला भलत्याच दिशेला घेऊन चालली होती. तोंडातून निघालं ते सवयीचंच.

"सिस्टर, एक मिनिट."

"काका, आता मिनिट नाहीये!"

"ती पट्टी तुमची नाही. माझी आहे. काल पाणी गेलं होतं. मी उघडली, मी बदलली. तारीख माझ्या हातची आहे." आणि मग, सगळ्यांत कठीण ते. "आणि मी फुंकलं. तोंडाने. मास्क काढून."

खोलीतली सगळी यंत्रं आपापला आवाज करत राहिली. काका ओरडा खायला उभे होते. सिस्टर ओरडली नाही. तिने एक श्वास घेतला आणि भराभर सांगायला लागली. यंत्र थांबवा. नळीतून रक्त घ्या, उजव्या हातातून वेगळं घ्या, दोन्ही तपासायला पाठवा, औषधाच्या आधी. डॉक्टरांना राउंड नको, आत्ता बोलवा. मग काकांकडे न बघता ती म्हणाली, "काका, बाहेर बसा."

ते बाहेर बसले. तीन दिवस ते बाहेरच बसून होते म्हटलं तरी चालेल. दुपारपर्यंत ताप एकशे तीनवर गेला. मंगळवारी रक्तदाब घसरला, काकूंना अतिदक्षता विभागातल्या काचेच्या खोलीत हलवलं आणि छातीवरची नळी काढून टाकली. परगावी असलेल्या लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, असं कसं झालं?" काका म्हणाले, "सांगतो," आणि सांगता आलं नाही. मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून खिशात टाकलं. टिकटिक ऐकवत नव्हती. दार उघडलं की त्यांना वाटायचं, आता कुणीतरी येऊन हळू आवाजात बोलेल. मोठ्याने बोलणारं कुणी आलं की त्यांना बरं वाटायचं.

बुधवारी डॉक्टर आले. "नळीतलं इन्फेक्शन होतं. कातडीवर आणि नाकात राहणारा जंतू निघालाय. औषध लागू पडतंय. आता हृदयाच्या झडपांची सोनोग्राफी करून बघू."

"माझ्या फुंकरीने झालं का?" काकांनी विचारलं.

"छातीठोकपणे नाही सांगता येणार. पाणी गेलं, कड सुटली, घरात उघडली गेली. तुमची फुंकरही त्यातच आली." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "नळीचा संशय आम्हाला आलाच असता. पण पट्टी जागच्या जागी बघून आधी दुसरीकडे शोधत बसलो असतो. औषध दुपारनंतर लागलं असतं. रक्तदाब ज्या वेगाने पडला ते बघता, ती दुपार काकूंना महागात पडली असती."

गुरुवारी सोनोग्राफी झाली. काका दाराबाहेर उभे राहिले, बसवेना. झडपा साफ निघाल्या. ताप त्याच दिवशी उतरला. काकांना आत सोडलं तेव्हा काकूंचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे त्यांचे होते.

"अगं, मी तुला एक सांगितलं नाही," काका पलंगाच्या कडेला उभे राहून म्हणाले. "त्या दिवशी मी..."

"फुंकलंत. सिस्टरला सांगितलंत त्याच्या आधीपासून माहीत आहे मला."

"कसं? डोळे मिटले होतेस की!"

"डोळे मिटले होते, कातडी नव्हती मिटली. गार लागलं ना." काकू थांबल्या, त्यांना दम लागत होता. "मी बोलले नाही, कारण बरं वाटलं होतं हो. म्हटलं, ते एवढं एक आपल्याकडेच राहू दे." 

काकांनी तोंडावरचा मास्क दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला आणि ते रडले. त्यांना मास्क खाली ओढून डोळे पुसायचंही धाडस होईना.

पुढचे दोन महिने कसे गेले ते विचारू नका. पुन्हा नवी नळी बसली, पुन्हा छातीवरच. आता पट्टीची कड जरा उचलल्यासारखी वाटली की काका सिस्टरला फोन करायचे, एकदा तर सकाळी सहाला केला. "काही नाहीये काका, घडी पडलीय," ती म्हणायची, आणि मोठ्याने म्हणायची, म्हणून काकांना धीर यायचा. दुकान उघडत होतं. गिऱ्हाइकांना "एक मिनिट" म्हणणं मात्र त्यांनी सोडलं होतं, "बसा" एवढंच म्हणायचे. झाकणात तारीख कोरताना सात आला की सुई थबकायची. सकाळी काकूंच्या मनगटाला कान लावायचे तेव्हा घरघर ऐकू येण्याआधीचा तो एक क्षण रोज नव्याने जीव घ्यायचा.

शेवटी डॉक्टरांनी हात दाबून बघितला आणि म्हणाले, तयार आहे. पहिल्यांदा हातात सुया घालायचा दिवस ठरला. हात नीट चालला तर पंधरा दिवसांत नळी कायमची निघणार होती.

सिस्टरने काकूंचा हात उशीवर ठेवला, मास्क वर केला, कापूस ओला करून कातडी पुसली. मोठी सुई शिरली तशा काकू कळवळल्या. "आई गं, चुरचुरतंय!" मग त्यांनी काकांकडे बघितलं, आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले. "फुंकर नका घालू हं."

सिस्टरचा हात क्षणभर थांबला.

काका हसले नाहीत. त्यांनी काकूंचं पाऊल हातात घट्ट धरलं, तोंड भिंतीकडे वळवलं आणि श्वास रोखला. भिंतीवर एक घड्याळ होतं, दोन मिनिटं मागे. त्याचा सेकंदकाटा ते बघत राहिले. अठरा, एकोणीस, वीस. दुसरी सुई गेली, पाऊल त्यांच्या मुठीत आखडलं आणि सैल पडलं.

"झालं," सिस्टर म्हणाली.

काकांनी श्वास सोडला, तोही भिंतीकडे तोंड करूनच.